पावलाखालचे बल आणि न दुखणारा पाय

आष्टा हे कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीतले गाव. पाऊस लागला की इथल्या पाणंदीवरून चालणे ही एक परीक्षाच असते. चपला हातात घ्यायच्या, बोटे रोवायची आणि आखूड पावले टाकत जायचे. शाळेला येणारी मुलेही अशीच येतात आणि त्यांच्या पावलांचे ठसे मागे चिखलात राहतात.

न्यूटनचे नियम शिकवताना आमच्यापैकी एकाने नववीच्या मुलांना हे ठसेच पाहायला नेले. क्रिया आणि प्रतिक्रिया फळ्यावर शिकवण्यापेक्षा पायाखाली दाखवावी, एवढाच विचार होता. प्रश्न भराभर आले. त्यातला एक प्रश्न मात्र धड्यातला नव्हता. एका मुलीने विचारले, "सर, आमच्या आजोबांचा पाय अजिबात दुखत नाही. मग तळपायाची जखम भरत का नाही?"

त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न धड्याबाहेरचा नव्हताच. चालताना शरीरावर कोणती बले पडतात याचा शोध माणसाने सुमारे साडेतीनशे वर्षे घेतला आहे, आणि त्या शोधातला एक फार महत्त्वाचा टप्पा आपल्याच देशात, अशाच न दुखणाऱ्या पायांपाशी गाठला गेला. ती हकीगत आमच्यासारख्याच इतर शिक्षकांसाठी इथे मांडत आहोत.

ठसा काय सांगतो?

आधी ठसा नीट पाहू. टाचेचा भाग खोल असतो, मधला उथळ आणि चवड्याचा पुन्हा खोल. टाच टेकताना पाय जमिनीला थोडे पुढे लोटतो. पाऊल उचलताना बोटे जमिनीला मागे लोटतात, म्हणून बोटांच्या मागे चिखलाची लहानशी घडी उठलेली दिसते. पाय जमिनीला पुढे लोटतो तेव्हा जमीन आपल्याला मागे लोटते, म्हणजे आपला वेग किंचित कमी होतो. पाय जमिनीला मागे लोटतो तेव्हा जमीन आपल्याला पुढे ढकलते. म्हणजे प्रत्येक पावलात आपण आधी थोडा ब्रेक लावतो आणि मग पुन्हा गती घेतो.

चिखलात पावले आखूड का पडतात हेही यातून कळते. लांब पाऊल टाकले की पाय जास्त तिरपा होतो आणि आडव्या बलाचा वाटा वाढतो. ते आडवे बल घर्षणाने पेलायचे असते, आणि चिखलात घर्षण थोडेच मिळते. न्यूटनचे नाव न ऐकलेला शेतकरीही हा हिशेब अचूक करतो.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो. ठशाची खोली मुख्यतः दाब सांगते. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती बल पडले ते. एकूण बल आणि दाब यांतला हा फरक पुढे आजोबांच्या पायापाशी फार महत्त्वाचा ठरणार आहे.

बोरेलीची फळी

चालण्याकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्यांत पहिले मोठे नाव इटलीच्या जिओवान्नी बोरेली यांचे. ते १६०८ मध्ये जन्मले आणि १६७९ मध्ये वारले. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका धारेवर तोललेल्या फळीवर त्यांनी माणसाला आडवे झोपवले आणि फळी समतोल राहील अशी जागा शोधून शरीराचा गुरुत्वमध्य काढला. चालणे म्हणजे हा गुरुत्वमध्य आधाराच्या पुढे नेणे आणि तोल जाण्याआधी दुसरा पाय पुढे टाकणे, असे त्यांनी मांडले.

त्यांचा दुसरा शोध त्याहून चकित करणारा होता. आपली हाडे तरफा आहेत आणि स्नायू या तरफांना टेकूच्या अगदी जवळ ओढतात. त्यामुळे थोडे वजन पेलण्यासाठीही स्नायूंना पुष्कळ जास्त बल लावावे लागते. एका पायावर उभे राहून पाहा. शरीराचे वजन खुब्याच्या सांध्यापासून जेवढ्या अंतरावर पडते, त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर बाजूचा स्नायू ओढत असतो. सी-सॉवर टेकूजवळ बसलेल्या मुलाला दूरच्या मुलाला तोलायचे असेल तर तो दुप्पट वजनाचा लागतो, तसाच हा प्रकार. स्नायूची ओढ आणि शरीराचे वजन हे दोन्ही त्या एका सांध्यावर येतात.

बोरेलींना हे बल प्रत्यक्ष मोजता येणे शक्य नव्हते. पुढे कृत्रिम खुब्यातच मोजणारी उपकरणे बसवण्याची युक्ती निघाली. बर्लिनमधील गेऑर्ग बर्गमान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते असे आढळले. साठ किलोचा माणूस पाणी आणायला निघाला तरी त्याचा खुबा प्रत्येक पावलाला दीडशे किलोचा भार सोसतो.

लंबक की स्नायू?

१८३६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म आणि एडवर्ड वेबर या भावांनी माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर एक ग्रंथ लिहिला. विल्हेल्म भौतिकशास्त्रज्ञ होते. चुंबकीय प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव मिळाले ते हेच वेबर. एडवर्ड शरीररचनेचे अभ्यासक होते. त्यांनी पावलांची लांबी आणि वेळ मोजली आणि एक सुंदर कल्पना मांडली. उचललेला पाय पुढे येतो तो लंबकासारखा, केवळ गुरुत्वाने झुलत. त्याला स्नायूंची गरज नाही.

ही कल्पना मुलांना लगेच पटते, कारण तिचा पडताळा बाजारात दिसतो. वडिलांचे बोट धरून चाललेले लहान मूल भराभर पावले टाकते. त्याचा पाय आखूड आहे, आणि आखूड लंबक लवकर झुलतो. पण पटणारी कल्पना बरोबर असतेच असे नाही. वेबर बंधू कुठे चुकले हे कळायला पुढे साठेक वर्षे जावी लागली.

हवेचा बूट

त्याआधी बल मोजण्याची पहिली खरी युक्ती पॅरिसमध्ये निघाली. एतिएन-ज्यूल मारे हे नाडी, श्वास, पक्ष्याची भरारी अशा प्रत्येक हालचालीला स्वतःची रेघ काढायला लावणारे शास्त्रज्ञ. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गास्तों कार्ले यांनी १८७२ मध्ये बुटाच्या तळाला रबरी हवेचे कप्पे बसवले. पाऊल पडले की हवा दाबली जायची, ती नळीतून लेखणीपर्यंत जायची आणि फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटायची.

त्या रेघेला दोन उंचवटे होते आणि मध्ये एक खळगा होता. आज जमिनीत बसवलेल्या विद्युत तबकडीवर चालले तरी हाच आकार मिळतो. टाच टेकल्यावर थोड्याच वेळात बल वजनापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी वाढते, मग ते वजनाच्याही खाली जाते आणि चवड्याने ढकलताना पुन्हा वजनाच्या वर चढते.

मधला खळगा का पडतो? हा हिशेब नववीच्या मुलांना जमतो. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर त्याच्यावरून कमानीसारखे जाते, जणू उलटा लंबक. वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूला केंद्राकडे, म्हणजे इथे खाली, बल लागते. समजा वस्तुमान ६० किलो, वेग सेकंदाला १.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि पायाची लांबी ०.९ मीटर. वेगाचा वर्ग १.९६. त्याला ०.९ ने भागून ६० ने गुणले की सुमारे १३१ न्यूटन येतात. माणसाचे वजन ५८८ न्यूटन. त्यातले १३१ वर्तुळ गतीसाठी खर्च झाले, म्हणून जमिनीवर उरले ४५७. हे वजनाच्या सुमारे ७८ टक्के झाले. मोजणीतही साधारण एवढाच खळगा दिसतो.

वेग वाढवत नेला तर एक वेळ अशी येते की सगळेच वजन या गतीला अपुरे पडते आणि पाय जमीन सोडतो. मग चालणे संपते. प्रत्यक्षात माणूस त्याच्या बराच आधी धावू लागतो. पाय जितका आखूड तितकी ही मर्यादा लवकर येते. वडील झपझप चालत असताना शेजारचे मूल धावत का असते, याचे उत्तर इथे मिळते.

सैनिकांचे पाय

जर्मनीतील लाइपझिग येथे क्रिस्टियान विल्हेल्म ब्राउने आणि ओट्टो फिशर यांनी १८९१ मध्ये चालण्याची सर्वांत काटेकोर मोजणी केली. माणसाच्या हातापायांना गाइसलर नळ्या, म्हणजे विजेने उजळणाऱ्या बारीक काचनळ्या, बांधल्या. रात्रीच्या अंधारात त्याला चालवले आणि अनेक कॅमेऱ्यांनी त्या उजेडाच्या रेषा टिपल्या. बांधाबांधीला कित्येक तास लागले, चालायला काही क्षण आणि हिशेबाला काही वर्षे. ब्राउने १८९२ मध्ये वारले. फिशर यांनी हे काम १९०४ पर्यंत भागाभागांनी प्रसिद्ध केले.

त्यातून वेबर बंधूंची चूक कळली. झुलणाऱ्या पायावरची बले केवळ गुरुत्वाने जुळत नव्हती. स्नायूही काम करत होते. वेबर बंधूंची कल्पना मात्र पूर्ण वाया गेली नाही. १९९० मध्ये टॅड मॅकगीर यांनी एक यंत्र दाखवले. त्याला ना मोटर ना मेंदू, तरी ते सौम्य उतारावरून स्वतःच पावले टाकत खाली येत होते. गुरुत्व पुष्कळसे काम करते आणि उरलेले स्नायू करतात, असा आजचा समज आहे. विज्ञानात चुकलेली कल्पनाही अशी अर्धीमुर्धी परत येते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

ब्राउने आणि फिशर यांच्या प्रयोगात माणूस एकदा मोकळा चालला होता आणि एकदा सैनिकाचे सामान पाठीवर घेऊन. हा योगायोग नव्हता. पायदळ किती भार घेऊन किती चालू शकेल यात सरकारांना रस होता. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी फ्रान्समध्ये ज्यूल आमार यांनी १९१६ मध्ये उभे, पुढे-मागे आणि बाजूचे अशी तिन्ही बले मोजणारी चालपट्टी बनवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, जखमी सैनिकांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बर्कली येथेही कृत्रिम पायांसाठी चालण्याचा मोठा अभ्यास हाती घेतला गेला.

इथवर प्रश्न एकच होता. पाय नसेल किंवा भार जास्त असेल तर चालायचे कसे? पाय शाबूत आहे, भार नेहमीचाच आहे, तरीही चालण्यानेच तो झिजून जातो, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

वेल्लोरचा प्रश्न

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. शस्त्रक्रियेचे शिक्षण लंडनला घेऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चिंगलपुटचे कुष्ठालय पाहायला गेले असता वाकड्या झालेल्या हातांनी त्यांचे लक्ष वेधले आणि त्यांनी ते हात शस्त्रक्रियेने सरळ करण्याचे काम सुरू केले. पण पायांच्या जखमा त्यांना सतावत राहिल्या. रुग्णालयात भरलेली जखम घरी गेल्यावर पुन्हा उघडायची.

तेव्हा बहुतेकांचा समज असा होता की कुष्ठरोगात मांस आपोआप सडते आणि बोटे गळून पडतात. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. हा जंतू त्वचेच्या जवळच्या, तुलनेने थंड भागांतल्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारा मज्जातंतू बिघडला की तळवा बधिर होतो. तळव्यातले लहान स्नायू लुळे पडून बोटे आकडीसारखी वळतात. घामही बंद होतो, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगाळते. पण जखम कोण करते?

एक खूण आधीच मिळाली होती. १९३० च्या दशकात भारतात डॉ. खान यांनी आणि श्रीलंकेत डॉ. मिलरॉय पॉल यांनी अशा पायांना प्लास्टर घालून पाहिले होते, आणि जखमा भरल्या होत्या. प्लास्टरमध्ये औषध नव्हते. प्लास्टर फक्त भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देत होते. विश्रांती आणि भाराची वाटणी यांनी जखम भरत असेल तर ती मांसाच्या सडण्याने झालेली नव्हती. ती चालण्याने झाली होती.

आता आपला दाबाचा हिशेब पुन्हा हाती घेऊ. साठ किलोच्या माणसाच्या चवड्यावर ढकलताना सुमारे ६६ किलो भार येतो. चवडा आणि बोटे मिळून समजा ६० चौरस सेंटिमीटर टेकली, तर दर चौरस सेंटिमीटरला १.१ किलो भार पडला. बोटे वळून वर उचलली गेली आणि तोच भार हाडांच्या टोकांखालच्या १५ चौरस सेंटिमीटरवर आला, तर तो ४.४ किलो झाला. बल तेच राहिले, दाब चौपट झाला. शेतावर जाऊन येऊन चार किलोमीटर चालणाऱ्याची साठ सेंटिमीटरची सहा हजारांहून जास्त पावले पडतात, म्हणजे एका पायाची तीन हजारांच्या वर. एका पावलाने काही होत नाही. तीन हजारांनी होते.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिल येथे गेले. तेथे त्यांनी उंदरांच्या तळव्यांवर बेताचा दाब दिवसाला हजारो वेळा देऊन पाहिला. पहिल्या दिवशी काहीच दिसेना. पुढच्या काही दिवसांत तळवा गरम झाला, सुजला, आणि तोच दाब चालू ठेवल्यावर जखम झाली. वेळा कमी केल्या आणि मधून विश्रांती दिली, तेव्हा कातडी उलट जाड आणि कणखर झाली. सुजलेल्या पायाला कालचा साधा भारही घातक ठरतो, हा त्या प्रयोगाचा सांगावा होता.

मग आपल्या तळव्यांना जखमा का होत नाहीत? ब्रँड यांचे उत्तर असे की आपण एकसारखे चालतच नाही. तळव्याचा एक भाग हुळहुळला की आपल्याही नकळत भार कडेवर सरकतो, पाऊल आखूड होते, आपण किंचित लंगडतो, नाहीतर बांधावर टेकून बसतो. बधिर पायाचा माणूस पहिले पाऊल जसे टाकतो तसेच शेवटचेही टाकतो. त्याच जागी, तेवढ्याच बलाने. म्हणजे बोरेलींपासून मोजल्या गेलेल्या या सगळ्या बलांवर एक राखणदार बसलेला आहे, आणि त्याचे नाव वेदना.

चप्पल

आष्ट्याहून सांगलीला जाणारा रस्ता पुढे मिरजेला पोहोचतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयामुळे मिरज ही साऱ्या दक्षिण महाराष्ट्राची उपचारांची पेठ झाली. कुष्ठरुग्णांसाठीचे रिचर्डसन रुग्णालयही तिथलेच. वेल्लोरला जे उमगले ते अशा रुग्णालयांतून एका साध्या वस्तूच्या रूपाने घरोघरी पोहोचले. ती वस्तू म्हणजे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल.

तिची रचना म्हणजे वरच्या हिशेबाचेच उत्तर आहे. आतले मऊ रबर तळव्याच्या आकाराने दबते, म्हणून टेकलेले क्षेत्रफळ वाढते आणि दाब उतरतो. खालचा थर कडक असतो, म्हणजे काटा आरपार येत नाही. मागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. खिळा मारायचा नाही, कारण तो वर आला तरी टोचल्याचे समजत नाही. आपल्याकडची कोल्हापुरी चप्पल कणखर आणि देखणी खरी, पण बधिर पायाला तिचा कडक तळ आणि अंगठ्यापाशी घासणारे चामडे सोसत नाही.

या चपलेची एक कडू बाजूही आहे. ती वेगळी दिसे, म्हणून ती पाहताच लोक रोग ओळखत. जी चप्पल पाय वाचवते तीच माणसाला वाळीत टाकायचे निमित्त होई. त्यामुळे कित्येकांनी ती घरी ठेवली आणि अनवाणी चालणे पत्करले. बलाचा हिशेब सुटला, माणसांचा सुटला नाही. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९८३ पासून देशात बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि आता ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जंतू औषधाने मरतो, पण मेलेला मज्जातंतू बहुधा परत येत नाही. म्हणून रोग बरा झालेल्या माणसालाही पाय आयुष्यभर जपावा लागतो.

दहा ग्रॅमचा धागा

हा विषय केवळ कुष्ठरोगापुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहातही पाय बधिर होतात आणि तशाच जखमा होतात. कुष्ठरुग्णांकडून शिकलेले प्लास्टर, मऊ तळ आणि रोज पाय पाहण्याची सवय आज जगभर मधुमेहींच्या उपयोगी पडते.

पाय बधिर झाला का हे तपासायला नायलॉनचा एक जाड धागा वापरतात. तो तळव्याला टेकवून दाबला की १० ग्रॅम भाराला वाकतो. तेवढा स्पर्श कळला नाही तर पायाची राखण गेली असे समजतात. चालताना पावलाखाली सहाशे-सातशे न्यूटन बल येते, आणि धाग्याचे बल न्यूटनचा दहावा भाग. मोठे बल झेपेल की नाही हे ते लहान बल सांगते.

वर्गात काय करता येईल? ओल्या पावलाचा ठसा आलेख कागदावर घ्यावा, चौकोन मोजून क्षेत्रफळ काढावे आणि वजनाला भागावे. चाळीस किलोच्या मुलाचे दोन्ही तळवे मिळून २०० चौरस सेंटिमीटर टेकले तर सरासरी दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो. मग एका पायावर, नंतर चवड्यावर उभे राहून तोच हिशेब करावा. वजनाच्या काट्यावर उभे राहून गुडघे झटकन वाकवले आणि सरळ केले की काटा खाली-वर होतो. कार्ले यांच्या रेघेची ती झलक समजावी. आणि जाता जाता हेही सांगावे की अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. हे सगळ्या वर्गाला मिळून सांगावे. कोणा एका मुलाकडे किंवा त्याच्या घराकडे बोट जाता कामा नये.

त्या मुलीला आम्ही पुढच्या आठवड्यात उत्तर दिले, तेही एकटीला. "आजोबांचा पाय दुखत नाही, म्हणूनच जखम भरत नाही. दुखले असते तर ते आपोआप लंगडले असते, बसले असते, आणि पायाला विसावा मिळाला असता. आता त्यांच्या पायाच्या वाटचे दुखणे डोळ्यांनी शोधायचे. रोज संध्याकाळी तळवा पाहायचा, हात लावून कुठे गरम लागतो का ते बघायचे, आणि चालणे कमी करायचे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग सर, रोज मीच बघत जाईन."